मानेतली सळई

आषाढ लागला की सुरतेत लाकूड फुगतं. उधन्याच्या आमच्या घरी दारं चौकटीत अडकू लागतात, तेव्हा मी भिंतीवरची गिटार उतरवतो. पहिल्या फ्रेटवर तार दाबायची, मान पेटीला मिळते तिथल्या चौदाव्यावरही दाबायची, आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी डोळा न्यायचा. तार आणि फ्रेट यांच्यामध्ये ०.२ मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे पोस्टकार्डाच्या जाडीइतकी फट हवी. फट उरली नाही तर तार फ्रेटवर झणझणते. वाढली तर बोटं दुखून येतात.

पोलादी तारांच्या गिटारीच्या मानेवर सहा तारा मिळून सुमारे ७० किलोंचा ताण असतो. बारीक मान तो रात्रंदिवस सोसते. आपल्या मिरजेच्या सतारीच्या दांडीत लोखंड नसतं. तुणाच्या लाकडाची ती रुंद, पोकळ दांडी हंगामानुसार थोडी हलली तरी निभावतं, कारण पडदे दोऱ्यानं बांधलेले असतात, सरकवता येतात. गिटारीचा फ्रेट खाचेत ठोकलेला. त्याला जागचं हलता येत नाही, म्हणून मानच जाग्यावर आणावी लागते.

त्यासाठी गिब्सन कंपनीतल्या थॅडियस मॅकह्यू यांनी मानेत घट्ट-सैल करता येणारी सळई बसवली. तिचं अमेरिकन पेटंट १९२३ सालचं. मार्टिन कंपनी मात्र बराच काळ न हलणाऱ्या पट्टीवरच राहिली. दुसऱ्या महायुद्धात पोलाद मिळेना तेव्हा तिनं मानेत एबनीची पट्टी घातली, आणि फिरवता येणारी सळई स्वीकारली ती थेट १९८५ साली. नायलॉन तारांच्या गिटारीत ताण निम्म्याच्या आसपास, म्हणून तिथं बहुधा सळई नसतेच.

मान घडवणाऱ्यापुढे आज मुख्यतः दोन वाटा असतात. एकेरी सळई वाकड्या खोबणीत बसते. मध्ये खोल, टोकांना उथळ अशी ती खोबण काढायची, वरून तशाच बाकाची लाकडी पट्टी सरसानं बसवायची. सळईच्या टोकाचा नट आवळला की सळई सरळ व्हायला बघते आणि मानेचा मध्यभाग वर उचलते. ती वजनाला हलकी, पण काम एकाच दिशेनं करते. मान उलटी, मागे वाकली तर नट सैल करण्यापलीकडे तिच्या हातात काही नाही. मग तारांच्या ओढीवर भरवसा ठेवायचा. दुहेरी सळईत दोन दांड्या एकावर एक असतात आणि आट्यांच्या जोरावर ती दोन्हीकडे वाकते. खोबण सरळ, साधारण ६ मिलिमीटर रुंद. राउटरनं एका दमात निघते. वजन जास्त, आणि सैल बसली तर आत खडखडते. म्हणून मी ती घट्ट बसेल एवढीच खोबण काढतो.

सुरतेत श्रावणात हवेतला ओलावा ऐंशी टक्क्यांच्या पुढे जातो आणि पौषातल्या दुपारी हवा कोरडी पडते. लाकूड कितीही मुरलेलं असो, डांगच्या जंगलातलं वलसाडी सागवान का असेना, ते ओलावा घेतं आणि सोडतं. मानेचं लाकूड आणि तिच्यावरची, फ्रेट ठोकलेली शिसवी पट्टी हे सारख्या मापानं करत नाहीत, म्हणून मान कधी पुढे तर कधी मागे जाते. एकेरी सळईवाल्या माझ्या एका गिटारीचा नट एका पावसाळ्यात पूर्ण सैल करूनही तारा फ्रेटला चिकटून राहिल्या. तेव्हापासून मी दुहेरीच घालतो.

नट कुठं ठेवायचा, हा प्रश्न मला याहून मोठा वाटतो. डोक्याकडे ठेवला तर चावी सहज लागते, पण ज्या जागी मान सगळ्यांत बारीक आहे आणि डोकं मागे कललेलं आहे, तिथलंच लाकूड खोदून काढावं लागतं. गिटार पडली की बहुतेकदा तिथंच मोडते. पेटीकडे नट ठेवला तर ते लाकूड शाबूत राहतं. फक्त ध्वनिछिद्रातून जाईल अशी लांब अ‍ॅलन चावी हवी.

चावी पाव फेऱ्यापेक्षा जास्त एकदम फिरवू नये. तारा पुन्हा सुरात लावून रात्रभर थांबावं, सकाळी फट पाहावी. जिथं जोर लावावा लागतो, तिथं हात काढून घ्यावा. आटे गेले तर फ्रेटांची शिसवी पट्टी उखडावी लागते.

सुरतेत गिटार घडवणाऱ्यानं दुहेरी सळई घालावी, नट पेटीकडे ठेवावा, आणि गिऱ्हाइकाला गिटारीबरोबर ती लांब चावीही द्यावी.