खेळोपचार आणि कुटुंबाचा हिशेब

कोलकात्याच्या नैऋत्येस हुगळीच्या काठी गार्डन रीच वसले आहे. बाहेरच्यांना ते ठाऊक असते गोदी आणि जहाजबांधणीच्या सरकारी कारखान्यामुळे. परंतु तेथील मटियाबुर्ज परिसरातील असंख्य कुटुंबे तयार कपड्यांच्या शिलाईवर जगतात. पुष्कळसे काम घरातच चालते आणि मजुरी नगावर मिळते. अशा घरातील मुलाला खेळोपचारासाठी आठवड्यातून दोनदा केंद्रात आणा, असे सांगितले तर प्रश्न पडणारच : खेळायला केंद्र कशाला?

हा प्रश्न अज्ञानाचा मानू नये. उपचार म्हणजे औषध किंवा सुई, ही कल्पना सर्वच थरांत रूढ आहे. ('खेळ पुरे, अभ्यासाला बस' हे वाक्य सुशिक्षित मराठी घरांतही नवे नाही.) शिवाय या एका शब्दाखाली दोन भिन्न गोष्टी येतात. व्हर्जिनिया ॲक्सलाइन यांनी १९४७ साली ग्रंथरूपाने मांडलेल्या पद्धतीत मूल स्वतः खेळ निवडते आणि भीती, राग, दुःख त्यातून व्यक्त करते. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाच्या बाबतीत मात्र खेळ हे हात, मान व वाचा यांना वळण लावण्याचे साधन असते. हा फरक कोणी समजावून सांगितला नाही, तर दोन्ही ठिकाणी पालकांना दिसतो तो केवळ वेळेचा अपव्यय.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहता, शुल्क शून्य असले तरी उपचाराची किंमत शून्य नसते. प्रवासखर्च, अर्ध्या दिवसाची बुडालेली शिलाई, घरी राहिलेल्या धाकट्यांची व्यवस्था हा तोटा त्याच संध्याकाळी जाणवतो. लाभ दिसण्यास महिने, कधी वर्षे लागतात. या दरीत उपचार सुटतो, आणि मेंदूची वाढ सर्वाधिक वेगाने होणारी पहिली वर्षे हातची जातात.

गार्डन रीचलगतच्या तारातला रस्त्यावर इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सेरेब्रल पाल्सी ही संस्था आहे. डॉ. सुधा कौल यांनी १९७४ साली सुरू केलेल्या या कार्यात कुटुंबालाच प्रशिक्षित करण्यावर भर राहिला. तो मला अधिक व्यवहार्य वाटतो. मूल शाळेत येत नसेल तर शाळा त्याच्या अंगणात न्यावी, हा ताराबाई मोडकांचा विचार येथेही लागू पडतो. आईने शिकून घेतलेला खेळ शिलाईयंत्राशेजारी, चिंध्या आणि दोऱ्याच्या रिकाम्या रिळांवरही चालतो. बटणे तेवढी दूर ठेवावी लागतात.

राष्ट्रीय न्यासाच्या 'निरामय' योजनेत स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक व बहुविध दिव्यांगता असलेल्यांना एक लाख रुपयांपर्यंतचे विमासंरक्षण असून त्यात नियमित थेरपीचाही समावेश आहे. बुडालेल्या मजुरीची भरपाई त्यात नाही.