परदेशी सून किंवा जावई गावात राहायला येताना

आपल्या भागातली मुलंमुली शिकायला पुण्या-मुंबईला आणि तिथून पुढे जर्मनी, कॅनडा, ऑस्ट्रेलियाला जाऊ लागली, तशी परदेशी जोडीदाराशी लग्नंही ठरू लागली आहेत. परळी तालुक्यातल्या सिरसाळ्यासारख्या गावात असं लग्न ठरलं की चर्चा होते धर्माची, भाषेची, सुनेला भाकरी थापता येईल का याची. कागदांचा विषय हळद उतरल्यावर निघतो. खरं तर तो साखरपुड्याच्या आधी निघायला हवा, कारण परक्या देशातून आलेल्या माणसाचा इथला मुक्काम त्या कागदांवरच टिकतो.

भारतात ग्रीन कार्ड आहे का?

नाही. परदेशी जोडीदाराला अमेरिकेत ग्रीन कार्ड मिळतं, तसं कार्ड आपल्याकडे नाही. ‘कायमस्वरूपी निवास’ या नावाची एक योजना केंद्र सरकारने २०१६ मध्ये मंजूर केली, पण ती गुंतवणूकदारांसाठी आहे. दीड वर्षात १० कोटी किंवा तीन वर्षांत २५ कोटी रुपये गुंतवणाऱ्यासाठी. लग्न करून आलेल्या माणसाची वाट वेगळी आहे. आधी जोडीदार म्हणून एन्ट्री व्हिसा, मग दोन वर्षांनी ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड, आणि मनात असेल तर पुढे भारतीय नागरिकत्व. या तिन्ही ठिकाणी पहिला कागद मागतात तो विवाह नोंदणीच्या दाखल्याचा.

लग्न कोणत्या कायद्याखाली लावायचं?

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे जरा थांबू.

परळी वैजनाथाच्या साक्षीने हार घातले, गावजेवण झालं, ग्रामपंचायतीत नोंद झाली, एवढ्याने घरच्यांचं समाधान होतं. वधू-वर दोघेही हिंदू असतील आणि रीतीप्रमाणे विधी झाले असतील तर ते पुरेही आहे. पण हिंदू विवाह कायदा, १९५५ हा दोघेही हिंदू असतील तरच लागू होतो. एक हिंदू आणि एक ख्रिस्ती असताना या कायद्याखाली लावलेलं लग्न वैध ठरत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २००८ च्या अखेरीस दिला आहे. ग्रामसेवक, म्हणजे आताचे ग्रामपंचायत अधिकारी, जी नोंद करतात ती महाराष्ट्राच्या १९९८ च्या विवाह नोंदणी कायद्याखाली होते. ती झालेल्या लग्नाची नोंद असते. मुळात वैध नसलेलं लग्न त्या नोंदीने वैध होत नाही.

म्हणून जोडीदार वेगळ्या धर्माचा असेल तर विशेष विवाह कायदा, १९५४ हाच सरळ मार्ग. त्यासाठी धर्म बदलावा लागत नाही. दोघांपैकी एकाने नोटिशीच्या आधी किमान ३० दिवस त्या जिल्ह्यात राहिलेलं असावं लागतं. सिरसाळ्याचा रहिवासी मुलगा किंवा मुलगी गावातच असेल तर ही अट आपोआप भागते. परदेशातून थेट लग्नाला येणाऱ्याने मात्र दिवस मोजूनच तिकीट काढावं. जिल्ह्याच्या विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यायची, ती ३० दिवस हरकतीसाठी लावली जाते, त्यानंतर तीन साक्षीदारांसमोर लग्न लागतं. नोटिशीपासून तीन महिन्यांत लग्न झालं नाही तर नोटीस पुन्हा द्यावी लागते. परदेशी जोडीदाराकडून पासपोर्ट, व्हिसा आणि तो अविवाहित असल्याचा किंवा लग्नाला हरकत नसल्याचा त्याच्या दूतावासाचा दाखला मागतात. आधीचा घटस्फोट असेल तर न्यायालयाचा हुकूमनामाही लागतो.

लग्न परदेशात झालं असेल तर तिथला दाखला इथे चालतो, पण त्यावर तिथल्या भारतीय दूतावासाचं साक्षांकन किंवा अपॉस्टिल हवं. दुसऱ्या देशाचा कागद खरा असल्याची ही मोहोर २००५ पासून भारतातही मान्य आहे. ती त्याच देशात मिळते, त्यामुळे परत येण्याआधी घेतलेली बरी.

आणि एक जिव्हाळ्याची गोष्ट. आपल्याकडे लग्नात सुनेचं नाव बदलण्याची हौस असते. घरात खुशाल हाक मारा, पण दाखल्यावर पासपोर्टवरचंच नाव, त्याच अक्षरांत लिहा. मुलाचंही तसंच. टीसीवर ‘बाळासाहेब’, आधारवर ‘बालाजी’ आणि पासपोर्टवर आणखी तिसरं, असं असेल तर लग्नाआधी एकसारखं करून घ्या. दोन कागदांवर दोन नावं असली की पुढच्या प्रत्येक कार्यालयात शपथपत्र करत बसावं लागतं.

व्हिसा आणि पोलीस अधीक्षक कार्यालय

भारतीयाच्या जोडीदाराला एन्ट्री व्हिसा मिळतो, त्याला लोक ‘एक्स व्हिसा’ म्हणतात. लग्नानंतर त्या देशातल्या भारतीय दूतावासातून तो घेऊन येणं सगळ्यात सोपं. पर्यटक म्हणून आलेल्या जोडीदाराचं इथेच लग्न झालं तर व्हिसा बदलून मागता येतो, पण त्याला वेळ लागतो. अर्ज ‘ई-एफआरआरओ’ या संकेतस्थळावर करायचा असतो. भारतीय जोडीदाराला हमीपत्र द्यावं लागतं. आपल्या जबाबदारीवर या व्यक्तीला ठेवून घेत आहोत, असं लिहून द्यायचं. बाहेरच्या देशांत ज्याला स्पॉन्सर म्हणतात, तो इथे हाच.

जिल्ह्याचे पोलीस अधीक्षक हे परदेशी नागरिकांचे नोंदणी अधिकारी असतात, म्हणजे आपल्यासाठी बीड. १८० दिवसांहून जास्त मुदतीच्या व्हिसावर नोंदणीची अट असते, तेव्हा आल्यापासून १४ दिवसांत नोंदणी करायची. मग पडताळणी होते. पोलीस घरी येतात, शेजाऱ्यांना विचारतात, जबाब घेतात. यात घाबरण्यासारखं काही नाही. पोलीस पाटलांना आणि शेजाऱ्यांना लग्नाची माहिती आधीच असली की काम लवकर उरकतं.

व्हिसाची मुदत मात्र एक दिवसही उलटू देऊ नका. मुदत संपल्यावर राहिलेला परदेशी माणूस कायद्याच्या नजरेत बेकायदा स्थलांतरित ठरतो आणि अशा माणसाला पुढे नोंदणीने नागरिकत्व मागता येत नाही. याहून मोठा फटका मुलाला बसू शकतो. ३ डिसेंबर २००४ नंतर भारतात जन्मलेलं मूल जन्माने भारतीय ठरायचं असेल तर आईबापांपैकी एक भारतीय असून भागत नाही, दुसरा बेकायदा स्थलांतरित नसावा लागतो. बाळंतपणाच्या गडबडीत व्हिसाची तारीख विसरली, एवढ्याने बाळाच्या नागरिकत्वावर प्रश्न उभा राहू नये. १ सप्टेंबर २०२५ पासून १९४६ च्या परदेशी नागरिक कायद्याच्या जागी नवा इमिग्रेशन व परदेशी नागरिक कायदा लागू झाला आहे, त्यामुळे जुन्या माहितीवर विसंबू नका.

ओसीआय कार्ड

लग्नाची नोंदणी झालेली आहे आणि अर्जाच्या आधी सलग दोन वर्षं ते लग्न टिकून आहे, अशा परदेशी जोडीदाराला ओसीआय कार्ड मागता येतं. अर्ज ऑनलाइन करतात, भारतातून केल्यास शुल्क १५,००० रुपये. सुरक्षा तपासणी झाल्याशिवाय जोडीदाराला कार्ड मिळत नाही, म्हणून महिने जातात. आईवडील, आजी-आजोबा किंवा पणजी-पणजोबा यांपैकी कोणी पाकिस्तान किंवा बांगलादेशचे नागरिक असतील तर हे कार्ड मिळत नाही. त्या देशांतून लग्न होऊन आलेल्या स्त्रियांसाठी दीर्घ मुदतीच्या व्हिसाची वेगळी व्यवस्था आहे.

कार्ड मिळालं की व्हिसाची दगदग संपते. आयुष्यभर कितीही वेळा येता-जाता येतं, पोलिसांकडे नोंदणी लागत नाही. मतदान करता येत नाही, निवडणूक लढवता येत नाही, सरकारी नोकरी मिळत नाही. नवा पासपोर्ट आला की तीन महिन्यांत त्याची प्रत, नवा फोटो आणि लग्न टिकून असल्याचं निवेदन संकेतस्थळावर चढवावं लागतं, हे पुष्कळ जण विसरतात.

शेतजमीन

हा प्रश्न गावात हमखास निघतो. ओसीआय कार्डधारकाला भारतात घर, फ्लॅट, दुकान घेता येतं, पण शेतजमीन, फार्महाऊस किंवा मळ्याची जमीन विकत घेता येत नाही. शिवाय मराठवाड्यात १९५० चा हैदराबाद कुळवहिवाट कायदा आहे, त्याखाली बिगरशेतकऱ्याने शेतजमीन घेण्यावर बंधनं आहेतच. म्हणून सुनेच्या नावावर दोन एकर घेऊन टाकू, असा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. वारसाहक्काने मात्र शेतजमीनही मिळू शकते. नवऱ्याच्या पश्चात बायकोचं नाव सातबाऱ्यावर लागावं असं वाटत असेल तर मृत्युपत्राचा विचार वेळेत करा.

नागरिकत्व, आणि कासेगावचं उदाहरण

गेल ऑमव्हेट यांचा जन्म १९४१ मध्ये अमेरिकेतल्या मिनियापोलिसचा. महाराष्ट्रातल्या ब्राह्मणेतर चळवळीवर त्यांनी बर्कली विद्यापीठात १९७३ मध्ये पीएच. डी. केली. १९७६ मध्ये भारत पाटणकर यांच्याशी लग्न करून त्या सांगली जिल्ह्यातल्या कासेगावच्या झाल्या आणि १९८३ मध्ये त्यांनी भारतीय नागरिकत्व घेतलं. २५ ऑगस्ट २०२१ रोजी त्या कासेगावातच वारल्या. परदेशी सून खेड्यात रुजत नाही, असं म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण डोळ्यांपुढे ठेवावं.

त्या काळी ओसीआय कार्ड नव्हतं, ते २००५-०६ मध्ये आलं. शिवाय १९५५ च्या नागरिकत्व कायद्यातली विवाहाची वाट फक्त स्त्रियांसाठी होती. भारतीय बायकोच्या परदेशी नवऱ्याला ती १९८६ च्या दुरुस्तीने खुली झाली. आज सून आणि जावई दोघांना एकच नियम लागू आहे. अर्जाआधी भारतात सात वर्षं वास्तव्य हवं. शेवटचे बारा महिने सलग, आणि त्याआधीच्या आठ वर्षांत मिळून सहा वर्षं. दुसरी वाट अशी, की ओसीआय कार्ड पाच वर्षं असावं आणि अर्जाआधीचे बारा महिने भारतात राहिलेलं असावं. अर्ज ऑनलाइन भरून जिल्हाधिकाऱ्यांमार्फत पुढे जातो. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही, त्यामुळे जन्मदेशाचा पासपोर्ट सोडावा लागतो. हा निर्णय ज्याचा त्याने घ्यावा. सासरच्यांनी त्यासाठी भीड घालू नये असं मला मनापासून वाटतं, कारण मागे असलेल्या म्हाताऱ्या आईबापांकडे जायची वाट त्याच पासपोर्टावर असते.

इथली मुलगी तिकडे जाताना

बीड जिल्ह्यात ही बाजू जास्त दिसते. नवरा अमेरिकेचा नागरिक असेल तर बायकोला ग्रीन कार्डाच्या रांगेत थांबावं लागत नाही. तो ग्रीन कार्डधारक असेल तर रांग आहे. तो नुसता नोकरीच्या एच-वन-बी व्हिसावर असेल तर तो स्वतः ग्रीन कार्डासाठी बायकोला स्पॉन्सर करू शकत नाही. ती एच-फोर व्हिसावर अवलंबित म्हणून जाते. स्थळ बघताना ‘मुलगा अमेरिकेत आहे’ एवढंच ऐकून थांबू नका, कोणत्या कागदावर आहे ते विचारा. ब्रिटनमध्ये स्पॉन्सर करणाऱ्याचं उत्पन्न ११ एप्रिल २०२४ पासून वर्षाला किमान २९,००० पौंड असावं लागतं. कॅनडात स्पॉन्सर जोडीदाराच्या खर्चाची तीन वर्षांची लेखी हमी देतो.

इथून न्यायचे कागद म्हणजे विवाह दाखला, जन्मदाखला आणि त्यांची प्रमाणित इंग्रजी भाषांतरं. जन्माची नोंदच नसेल तर आधी तिच्या मागे लागा. वर्षाहून जुना जन्म नोंदवायला दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो.

लग्न मोडलं तर

ग्रीन कार्ड मिळताना लग्नाला दोन वर्षं झालेली नसतील तर अमेरिका ते दोन वर्षांपुरतंच, अटीवर देते. मुदत संपण्याआधीच्या ९० दिवसांत नवरा-बायकोने मिळून अट काढण्याचा अर्ज करायचा असतो. नवऱ्याने सही नाकारली तरी छळ सोसलेल्या किंवा घटस्फोट झालेल्या बायकोला एकटीने अर्ज करता येतो. ही गोष्ट विमानात बसण्याआधी मुलीला माहीत असावी.

आपल्याकडे लग्नाच्या आधारावर मिळालेलं ओसीआय कार्ड घटस्फोटानंतर रद्द होऊ शकतं. म्हणजे परदेशी सुनेचं घर मोडतं तेव्हाच तिचा देशातला मुक्कामही धोक्यात येतो. त्यामुळे पासपोर्ट, विवाह दाखला आणि मुलांचे जन्मदाखले तिच्या स्वतःच्या ताब्यात असावेत, सासऱ्याच्या कपाटात नव्हे. कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा, २००५ कोणत्याही स्त्रीला संरक्षण देतो, नागरिकत्व विचारत नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून उत्पन्नाची अट न लावता स्त्रीला मोफत वकील मिळतो, आणि ते कार्यालय बीडच्या न्यायालयात आहे.