सनईवाला मधेच का थांबतो? सगळा खेळ ओठांचा अन् पत्तीचा

नवरदेव मारुतीच्या देवळातून निघालेला, मुहूर्त गाठायची घाई, आणि नेमका सनईवाला तोंडातली सनई काढून टोकाशी खुडबूड करत बसतो. मग कुणीतरी खेकसतंच, "अहो, वाजवा की! पैसे मोजलेत ना!" पण तो आळस करत नसतो, पत्ती ओली करत असतो.

सनईची लाकडी नळी, पितळी कर्णा आणि भोकं सगळ्यांना दिसतात. आवाज मात्र वरच्या टोकाच्या इवल्याशा पत्तीत तयार होतो. ही पत्ती बोरूसारख्या गवताची, दुहेरी असते. मधल्या बारीक फटीतून फुंकर गेली की दोन्ही पाती थरथरतात. पत्ती सुकली की ताठरते, सूर चिरकतो, कधी निघतच नाही. फार भिजली तरी आवाज दबतो. मे महिन्याच्या उन्हात जरा विसावा घेतला तरी ती कोरडी पडते. म्हणूनच सनईला दोऱ्याने जास्तीच्या पत्त्या लटकवलेल्या असतात. ती काही शोभा नव्हे.

खरं कसब ओठांचं. दात लागू न देता पत्ती ओठांत धरायची. ओठ आवळले की सूर चढतो, सैल सोडले की उतरतो. बोटं बरोबर भोकावर असूनही नवशिक्या बेसूर वाजतो तो यामुळेच. शेजारी एकच सूर धरून बसलेला साथीदार तर श्वास घेतानाही थांबत नाही. गालात साठवलेली हवा पुढे ढकलायची अन् तेवढ्यात नाकाने श्वास ओढायचा. ऐकायला सोपं वाटतं, करून बघा!

तुतारीला पत्तीच नसते, तिथे वाजवणाऱ्याचे ओठच थरथरतात. बँडमधल्या क्लॅरिनेटला एकच पत्ती, तीही मुखाशी घट्ट बसवलेली. त्यामुळे तुतारी फुंकणाऱ्याला सनई जमेलच असं नाही.

घरी कार्य असेल तर वाजंत्र्यांजवळ पाण्याचा तांब्या ठेवा. जेवण झाल्यावर चूळ भरायला वेळ द्या, कारण अन्नाचा कण पत्तीत अडकला तरी सूर बिघडतो. हौस म्हणून पोरांच्या हाती सनई देऊ नका; पत्तीचं टोक इतकं पातळ असतं की एका दाताने चिरतं. आणि मंगलाष्टकं सुरू व्हायच्या पाच मिनिटं आधी सनईवाल्याला सांगून ठेवा, तेवढ्यात तो पत्ती भिजवून तयार राहतो.