पाटणादेवीच्या मुक्कामी मुलांचे खेळ

चाळीसगाव तालुक्यातील पाटणादेवीच्या परिसरात सहकुटुंब तंबूचा मुक्काम करण्याचा ज्यांचा मनोदय असेल, त्यांनी शिधासामग्रीच्या बंदोबस्ताइतकीच मुलांच्या खेळांचीही तजवीज अगत्याने करावी. लगोरीसाठी चेंडू तेवढा न्यावा. सात चपटे दगड जागीच मिळतात आणि ते निवडण्यातच मुलांची निम्मी सकाळ आनंदात जाते. सागरगोटे, भोवरा, फडक्यावर आखलेला सारीपाट हेही असावेत. चिंचोके मधोमध फोडून घेतले की फाशांची उणीव भासत नाही.

परंतु या स्थळी सर्वश्रेष्ठ खेळ, माझ्या मते, सावलीचा. इ.स. ११५० मध्ये ‘लीलावती’ रचणाऱ्या भास्कराचार्यांच्या ग्रंथांचे अध्ययन व्हावे, म्हणून त्यांचा नातू चांगदेव याने येथे मठ स्थापिल्याचा शिलालेख आहे. आणि छायेवरून उंची काढण्याचे गणित ‘लीलावती’तच आहे. सपाट जागी एक मीटरची काठी उभी रोवून तिची सावली मुलांकडून मोजवावी, आणि त्याच वेळी एखाद्या वृक्षाचीही. काठीची सावली अर्धा मीटर व वृक्षाची चार मीटर भरली, तर वृक्ष आठ मीटर उंच. दहा वर्षांचे मूल हे उत्तर स्वतः काढते, तेव्हा त्याचा चेहरा पाहण्याजोगा असतो.

मोजपट्टी विसरू नये, आणि येथील अभयारण्याच्या हद्दीतील मुक्कामास वनखात्याची परवानगी आगाऊ घ्यावी.