माळवद ठेवावं की उतरवावं?

लातूर-नांदेडकडच्या जुन्या घरांत मृगाच्या आधी एक काम ठरलेलं असे: माळवदावर, म्हणजे लाकडी तुळयांवरच्या मातीच्या छतावर, पांढरी टाकायची. गावठाणातली ही पांढरी माती पाणी अडवते. छत गळलं की आणखी चार टोपल्या. पण जुनी माती खरवडून काढायची कुणी? थरावर थर चढत गेला आणि वीतभर माळवद पिढ्या-दोन पिढ्यांत दोन फुटांचं झालं.

दहा फूट लांब-रुंद खोलीवर फूटभर माती म्हणजे साधारण साडेचार टन. दोन फूट असेल तर नऊ. हा भार गळती थांबवण्यासाठी केलेल्या दुरुस्तीनेच वाढवलेला असतो.

३० सप्टेंबर १९९३ रोजी, अनंत चतुर्दशीची रात्र सरताना, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसर भूकंपाने हादरला. सुमारे आठ हजार माणसं गेली. दोष एकट्या माळवदाचा नव्हता. दोन-अडीच फूट जाडीच्या भिंती दिसायला भक्कम, पण आतली आणि बाहेरची दगडी फळी मातीत रचलेली. दोन्हींना बांधणारे आरपार दगड नाहीत. धक्क्याने भिंती फुगून फुटल्या आणि ज्या घरांत छताचा भार भिंतींवरच होता, तिथे ते माणसांवर कोसळलं. जिथे छत लाकडी खांबांवर होतं, तिथे भिंती ढासळूनही काही माळवदं उभी राहिली.

म्हणून गळती किती, हा प्रश्न मला दुसरा वाटतो. छत कशावर टेकलंय, हे आधी पाहावं. खांबांचे बुंधे, भिंतीत गेलेली तुळईची टोकं टोचून बघावीत. वाळवी आणि ओल तिथेच लपते. लाकूड निरोगी असेल तर माळवद वाचवण्यासारखं आहे. जुनी माती उतरवून थर वीतभरच ठेवावा, खाली जाड प्लास्टिकचा कागद अंथरावा, खांब-तुळईच्या कोपऱ्यांत तिरके आधार द्यावेत, भिंतीत आरपार जोडदगड बसवावेत. उन्हाळ्यात असा गारवा दुसरं कुठलं छत देत नाही. लाकूड पोकळ झालं असेल, तर मात्र माळवद उतरवलंच पाहिजे.

भूकंपानंतर बावन्न गावं नव्या जागी वसवली गेली. दोन लाखांच्या आसपास घरांसाठी दुरुस्ती-मजबुतीकरणाची योजना आली. पुष्कळांनी मदतीतून शेजारी नवी खोली बांधणं पसंत केलं. माळवदाखाली पुन्हा झोपण्याचं धैर्य होत नव्हतं, आणि ती भीती रास्तच होती.

मग पत्रे आले. दहा फूट लांब-रुंद खोलीला जेमतेम अर्धा क्विंटल वजन! पण वैशाखात आत बसवत नाही, आणि वावटळीत उडू नयेत म्हणून वर दगड ठेवले जातात. २१ मार्च २०२४ला हिंगोलीकडे केंद्र असलेले धक्के नांदेडला जाणवले, तेव्हा पत्र्यांवरचे दगड काढून घ्या, असं आवाहन नांदेडच्या प्रशासनाला करावं लागलं. पत्रा हुकांनी पाइपाला घट्ट कसावा. त्याचा खर्च फार नाही.

सर्वांत जास्त धास्ती वाटते ती मातीत रचलेल्या जुन्या भिंतींवर स्लॅब ओतण्याची. पाच इंची स्लॅब त्याच खोलीवर तीन टनांच्या घरात जातो. फूटभर मातीपेक्षा हलका, हे खरं. पण एकसंध, आणि खाली त्याच जुन्या भिंती. स्लॅब हवाच असेल तर पायापासून कॉलम उभे करावेत, ते परवडत नसेल तर पत्र्यावरच थांबावं.