‘झालं’ म्हणणारी डिस्क

हार्ड डिस्कला काही लिहायला सांगा, ती क्षणात ‘झालं’ म्हणून कळवते. बहुतेक वेळा ते खरं नसतं. मजकूर तबकडीवर पोचलेलाच नसतो. डिस्कच्या सर्किट बोर्डावर एक छोटी रॅम चिप असते, तिथे तो आपला नंबर लागायची वाट पाहत असतो. तेवढ्यात वीज गेली की तिथल्या तिथे नाहीसा होतो. आणि हा काही बिघाड नाही. घरगुती डिस्क कारखान्यातून बाहेर पडते तीच ही सवय घेऊन. या सोयीला राइट कॅश म्हणतात.

डिस्कला अशी थाप का मारावी लागते, याचं उत्तर तबकडीच्या फिरण्यात आहे. डेस्कटॉपमधली नेहमीची तबकडी मिनिटाला 7200 फेरे घेते, म्हणजे सेकंदाला 120. साडेतीन इंची डिस्कमध्ये तिच्या कडेचा वेग ताशी सव्वाशे किलोमीटरच्या आसपास जातो, आणि लिहिणारं हेड तिच्यापासून अवघ्या काही नॅनोमीटरवर तरंगत असतं. ऐकूनच भोवळ यावी. पण प्रोसेसरच्या हिशेबात हे रखडणंच आहे. एका फेऱ्याला 8.3 मिलिसेकंद लागतात, आणि तेवढ्या वेळात रॅममध्ये ऐंशी हजार वेळा ये-जा करून होते.

आता कॅश बंद केली असं समजू. संगणक एक छोटा तुकडा पाठवतो, तो तबकडीवर उमटतो, ‘झालं’ येतं, मग संगणक पुढचा तुकडा पाठवतो. एवढ्यात तबकडी पुढे सरकलेली असते आणि हवी ती जागा हेडखालून निघून गेलेली असते. आता जवळजवळ अख्खा फेरा थांबायचं. म्हणून असं एकामागून एक लिहिताना सेकंदाला 120 च्या वर जाणं जवळपास अशक्य. डेटाबेस सांभाळणारे लोक या आकड्यावरून डिस्कची उलटतपासणी घेतात. साध्या 7200 फेऱ्यांच्या डिस्कवर एकच माणूस एकामागून एक व्यवहार पक्के करतोय आणि सेकंदाला हजार-दोन हजार होताहेत, तर वाटेत कुणीतरी खोटं बोलतंय हे नक्की. डिस्क उघडायची गरज नाही, एका भागाकाराने चोरी पकडली जाते. मला तरी संगणकातल्या युक्त्यांमध्ये ही सगळ्यात देखणी वाटते.

कॅश चालू असली की डिस्क आलेली कामं साठवते आणि आपल्या सोयीने क्रम लावते: हेड जिथे आहे तिथल्या जवळचं आधी, लांबचं नंतर. वेग वाढतो, पण खरी गोम इथेच आहे. थोडा मजकूर हरवणं परवडतं. क्रम उलटापालटा होणं जास्त महागात पडतं.

जुन्या पेढीवर दिवाणजी व्यवहार आधी रोजकीर्दीत टिपायचे आणि मग सवडीने खतावणी करायचे. खतावणी अर्धवट राहिली तरी रोजकीर्द पाहून ती पुन्हा जुळवता यायची. विंडोजची एनटीएफएस आणि लिनक्सची ईएक्सटी4 या फाइल सिस्टिम याच शिस्तीने चालतात. बदलाची नोंद आधी जर्नलमध्ये करायची, मग मूळ जागी हात लावायचा. डिस्कने आपल्या सोयीसाठी हा क्रम फिरवला आणि नेमकी तेव्हाच वीज गेली, तर खतावणी अर्धी खोडलेली आणि रोजकीर्द कोरी, अशी गत होते.

म्हणून संगणकाकडे एक खास आज्ञा असते: फ्लश. पोटात जे काही आहे ते सगळं आधी तबकडीवर उतरव, मगच उत्तर दे. जर्नलची नोंद पक्की करताना फाइल सिस्टिम ती वापरते. प्रोग्रॅमला स्वतःहून खात्री हवी असेल तर तो ‘एफसिंक’ मागतो, कारण डिस्कच्या वर ऑपरेटिंग सिस्टिमचीही एक कॅश असते. लिनक्स नेहमीच्या सेटिंगमध्ये लिहिलेला मजकूर मुख्य रॅममध्ये 30 सेकंदांपर्यंत सहज ठेवून घेतो. मॅकवर आणखी गंमत आहे. तिथे साधं एफसिंक मजकूर डिस्कपर्यंत पोचवून थांबतं. डिस्कची रॅमही रिकामी करून हवी असेल तर वेगळी, जास्त कडक आज्ञा द्यावी लागते.

हे समजलं की विंडोजमधल्या दोन चौकोनांचा अर्थ लागतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्कच्या प्रॉपर्टीज उघडा, ‘पॉलिसीज’मध्ये जा. पहिला चौकोन राइट कॅश चालू-बंद करतो. तो चालू असू द्यावा; फ्लश पाळणाऱ्या डिस्कवर फाइल सिस्टिम सुखरूप राहते, गेलाच तर शेवटच्या काही क्षणांचा मजकूर जातो. दुसरा चौकोन मात्र फ्लशच बंद करतो. त्याने वेग वाढतो हे खरं, पण दिवाणजींची शिस्तच मोडते. डिस्कला वेगळा, भरवशाचा वीजपुरवठा नसेल तर त्याला हात लावू नका, असं विंडोज तिथेच बजावतं. लिनक्सवर पहिल्या चौकोनाचं काम ‘एचडीपार्म’ ही आज्ञा करते.

सर्व्हरवाल्यांना वेगही हवा असतो आणि खात्रीही. अनेक डिस्क एकत्र चालवणाऱ्या त्यांच्या रेड कंट्रोलरवर कॅशसाठी वेगळी बॅटरी असते, आणि ती कमजोर झाली की कंट्रोलर सहसा आपण होऊन सावध होतो आणि कॅशवर विसंबणं थांबवतो. सर्व्हरच्या चांगल्या एसएसडीवर कपॅसिटरची रांग असते. वीज गेल्यावर उरलेलं काम उरकायला तेवढा साठा पुरतो. स्वस्त एसएसडीवर ती सहसा नसते. 2013 मध्ये ओहायो स्टेट विद्यापीठ आणि एचपी लॅब्सच्या संशोधकांनी 15 एसएसडींची वीज मुद्दाम पुन्हा पुन्हा तोडून पाहिली, तेव्हा त्यांतल्या 13 कुठे ना कुठे चुकल्या.

फिरत्या डिस्कचा उपाय ऐकून मात्र मी थक्क झालो. वीज गेली तरी तबकडी लगेच थांबत नाही, तिच्यात वेग शिल्लक असतो. मग तिला फिरवणारी मोटरच जनित्र होते, आणि त्या विजेवर हेड सुरक्षित जागी परततं. काही सर्व्हर डिस्क तर त्याच विजेवर रॅममधला मजकूर घाईघाईने फ्लॅश चिपमध्ये उतरवतात. वेस्टर्न डिजिटलने 2021 मध्ये जाहीर केलेल्या ऑप्टिनँड डिस्कमध्ये अशा वेळी 100 एमबीहून अधिक मजकूर वाचवण्याची सोय आहे. ज्या फिरण्याच्या संथपणामुळे कॅश लागली, तेच फिरणं कॅशला वाचवतं.

पेन ड्राइव्हला अर्थात मोटर नाही. तिथे उपाय वेगळा आहे: विंडोज 10 च्या 1809 आवृत्तीपासून मायक्रोसॉफ्टने बाहेरून लावायच्या ड्राइव्हसाठी ‘क्विक रिमूव्हल’ हीच मूळ निवड केली. म्हणजे विंडोज अशा ड्राइव्हसाठी लिहायचं काम मागे साठवून ठेवत नाही, आणि कॉपी पुरी झाल्यावर ‘इजेक्ट’ न करता ड्राइव्ह काढला तरी सहसा बिघडत नाही. कॉपीची हिरवी पट्टी सरकत असताना काढला, तर मात्र कुठलंच सेटिंग मदतीला येत नाही.