वैमानिक होण्यासाठी केवळ पदवी पुरेशी नाही
लखनौच्या चिनहट भागातील विद्यार्थ्याने विद्यापीठातून विमानविद्येची पदवी घेतली, तरी तेवढ्याने तो व्यावसायिक वैमानिक ठरत नाही. त्यासाठी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा परवाना आवश्यक असतो. वयाची 18 वर्षे पूर्ण असणे, प्रथम श्रेणीची वैद्यकीय पात्रता, हवामानशास्त्र, हवाई नियम आदी विषयांची परीक्षा आणि किमान 200 तासांचे उड्डाण या त्याच्या प्रमुख अटी आहेत. त्यांपैकी 100 तास उमेदवाराने मुख्य वैमानिक म्हणून उड्डाण केलेले असावे लागते. उत्तर प्रदेशात फुरसतगंज, तर महाराष्ट्रात गोंदियाजवळील बिरसी येथे असे प्रशिक्षण मिळते. त्यामुळे विद्यापीठाच्या शुल्कात उड्डाणाचे तास समाविष्ट आहेत का आणि उड्डाण प्रशिक्षण संस्थेस महासंचालनालयाची मान्यता आहे का, याची खात्री पालकांनी प्रवेशापूर्वीच करून घेणे हिताचे ठरते.